पल्ल्याचे काटे

भुताच्या गोष्टी बहुतेक रात्रीच्या असतात. ही भर दुपारची आहे.

आणि ही घडलेली आहे. विश्वास ठेवा म्हणून मी कुणाला गळ घालणार नाही. पण ज्यांच्या बाबतीत ती घडली ते किसन गुरुजी माझे सख्खे साडू. ज्या माणसानं जन्मभर पोरांना 'भूत नावाची गोष्ट नसते' असं शिकवलं, तो माणूस उतारवयात बसून असलं काही रचणार नाही. एवढं मी छातीवर हात ठेवून सांगतो.

साल २००७. श्रावणातला रविवार. ठिकाण उल्हासनगर, कॅम्प चार.

त्याच वर्षी मे महिन्यात गुरुजींची एकुलती एक मुलगी विशाखा गेली. कावीळ झाली होती. उतरते, उतरते म्हणेपर्यंत डोक्यात गेली आणि होत्याचं नव्हतं झालं. मागे राहिले नवरा राजेंद्र आणि सात वर्षांची मैत्रेयी.

राजेंद्र शहाडच्या कारखान्यात. आज पहिली पाळी, उद्या दुसरी. पोरीकडे बघणार कोण? म्हणून मैत्रेयी बदलापूरला, कात्रपमध्ये, आजी-आजोबांच्या घरी आली.

आली... आणि तिनं जेवण सोडलं.

हट्ट नाही. रडणं नाही. ताट समोर आलं की ती दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरायची आणि ताटाकडे नुसती बघत बसायची. दुधात बुडवलेलं एखादं बिस्कीट कसंबसं जायचं. बाकी भाताचं शीत नाही.

तिला आईच्या हातून जेवायची सवय. विशाखा अंबरनाथला नोकरीला होती. घरी यायला दिवेलागण व्हायची, पण आली की हातपाय धुवून आधी लेकीला जवळ घ्यायची.

"घोडी झाली आता, अजून किती भरवशील?" असं तिची आई गयाबाई म्हणायची.

"अगं आई, दिवसभरात तेवढंच तर मिळतं मला," असं विशाखा म्हणायची.

आता भरवणारा हात नव्हता. गयाबाईंनी घास पुढे केला की पोरगी तोंड फिरवायची. गुरुजींनी केला की फिरवायची. बापानं केला की डोळे मिटून घ्यायची. फ्रॉकमधून खांद्याची हाडं दिसायला लागली. डॉक्टर म्हणाले, "असंच चाललं तर दवाखान्यात ठेवावं लागेल. नाकातून नळी घालावी लागेल."

शेजारची जनी, कात्रपची मूळची आगरी म्हातारी, गयाबाईंना दारात गाठून म्हणाली, "आगो गयाबाय, तुझे लेकीचा जीव पोरीन अरकलाय गो. तिचे नावाचा एक घास ठेव भायेर."

गुरुजी आतून ऐकत होते. ते दाराशी आले. "जनीबाय, मेलेलं माणूस जेवत नाही. माझ्या घरात जिवंत पोर जेवत नाही. ती कशी जेवेल तेवढं सांगा, ते मी करतो."

जनी आल्या पावली परत फिरली. 

गुरुजींची सगळी नोकरी कॅम्प चारमधल्या मराठी शाळेत गेली. शाळेजवळच 'रोहडी लंच होम' होतं. फाळणीनंतर सिंधी लोक इथल्या लष्करी बराकींमध्ये येऊन राहिले, तेव्हा त्यातल्याच एका बराकीत सिंधमधल्या रोहडी गावच्या एका माणसानं तवा मांडला आणि मासे तळून विकायला सुरुवात केली. आता गल्ल्यावर त्याचा मुलगा खेमचंद बसायचा, आणि तोही सत्तरीकडे झुकलेला. बराक तीच. संगमरवरी फळ्यांची टेबलं आणि वेताच्या खुर्च्या त्याच. भिंतीवर बापाचा फोटो. जुनी खवय्ये माणसं चेंबूरहून, ठाण्याहून वाट वाकडी करून तिथं यायची, ती एका माशासाठी.

पल्ला.

आपल्याकडे त्याला पाला म्हणतात, भिंगही म्हणतात. पण खेमचंदच्या हॉटेलात सगळ्यांच्या तोंडी पल्लाच. चवीला असा मासा दुसरा नाही. आणि काट्यांनाही नाही. केसांसारखे बारीक काटे, शेंड्याला दोन फाटे फुटलेले, मांसात जागोजाग. ज्याला काढता येत नाहीत त्यानं त्याच्या वाटेला जाऊ नये.

विशाखा लहान असताना गुरुजींनी तिला त्याच हॉटेलात काटे काढायला शिकवलं होतं. पद्धत त्यांची स्वतःची. मासा डोळ्यांनी बघायचा नाही, बोटांनी चाचपायचा. निघालेला काटा ताटाच्या कडेला ठेवायचा, एकाशेजारी एक, ज्या क्रमानं निघाला त्या क्रमानं. पल्ल्याचे काटे ओळीनंच असतात. तेव्हा ताटातल्या ओळीत फट दिसली की समजायचं, एक काटा अजून मांसातच आहे.

पुढे घरात काही चांगलं झालं की तिथं जायचं हे ठरूनच गेलं. विशाखाची परीक्षा, विशाखाची नोकरी, विशाखाचं लग्न. मैत्रेयी झाल्यावर विशाखा तिला शेजारी बसवायची, ओळीत काटे लावायची आणि मऊ मऊ घास लेकीच्या तोंडात द्यायची.

"तिथं नेऊन बघतो," गुरुजी म्हणाले.

"पल्ला?" गयाबाई उसळल्या. "अहो, पोरीला पेज गिळवेना, आणि तुम्ही काटे गिळायला नेताय?"

"ती चव तिच्या तोंडात आहे. बघू तरी."

तर तो श्रावणातला रविवार. आजोबा आणि नात, दोघंच.

हॉटेल रिकामं. श्रावणात मराठी गिऱ्हाईक मासे सोडतं, सिंधी लोकांचेही उपास असतात. खेमचंद गल्ल्यावर हनुवटी टेकून बसला होता. गुरुजींना बघून त्याचा चेहरा फुलला.

"आओ मास्तर साईं, आओ! सगळ्या कॅम्पनी माझ्याशी कट्टी केली बघा. आमच्या घरची पण. तुमच्यासारखे श्रावण न पाळणारे चार लोक येतात म्हणून माझा तवा गरम आहे."

"मग आज फुकट वाढ."

"फुकट? तुम्ही पोरांना फुकट पास करत होता का?" तो हसला, आणि मान उंचावून दाराकडे बघायला लागला. "और विशाखा बेटी? मागून येते का?"

 गुरुजींनी नुसती मान हलवली. मग हळू आवाजात सांगितलं.

खेमचंदनं हात जोडले. कुणाला जोडले कोण जाणे. "बैठो साईं," एवढंच म्हणाला आणि स्वतः उठून आत आचाऱ्याला सांगायला गेला.

कोपऱ्यातलं नेहमीचं टेबल. मैत्रेयी भिंतीकडच्या खुर्चीत बसली. गुरुजी तिच्या शेजारची खुर्ची ओढायला गेले, तशी ती पटकन म्हणाली,

"आजोबा, तुम्ही समोर बसा."

ते समोर बसले. त्या वेळी त्यांना त्यात काही वाटलं नाही.

भगवान ताट घेऊन आला. भगवान म्हणजे तिथला जुना वाढपी, गुरुजींच्याच वयाचा. मसाला भरून तव्यावर भाजलेला पल्ला, कांदा, लिंबू, पातळ भाकरी. मैत्रेयीनं हात मांड्यांखाली घेतले आणि ताटाकडे बघत राहिली.

"थांब हं. हात धुऊन आलो की काटे काढून देतो."

हात धुवायची जागा मागच्या बोळात. गुरुजींनी नळ सोडला आणि वीज गेली. त्या वर्षी लोडशेडिंग रोजचंच. पंखे थांबले. सगळीकडे शांत झालं...

टिक्.

गुरुजींनी नळ बंद केला.

टिक्... टिक्...

स्टीलच्या ताटाच्या कडेवर काहीतरी बारीक टेकवल्यासारखा आवाज. ओळखीचा. अगदी रोजच्या ओळखीचा. पण कशाचा, ते त्यांच्या ध्यानात येईना.

ते परत टेबलाशी आले.

मैत्रेयी चावत होती.

तिचं तोंड हलत होतं. अर्धा मासा संपला होता. आणि ताटाच्या कडेला पांढऱ्या काट्यांची ओळ लागली होती. कंगव्याच्या दातांसारखी. एकाशेजारी एक.

गुरुजींना आधी आनंदच झाला. "अगं, जेवलीस? एकटीनं काढलेस?"

तिनं मान हलवली. नाही.

"हात बघू."

तिनं मांड्यांखालून हात काढले. कोरडे. मसाल्याचा डाग नाही, तेलाचा ओशटपणा नाही. आणि दोन्ही तळव्यांवर खुर्चीच्या वेताची नक्षी उमटलेली. पहिल्यापासून ते हात तिथंच दाबलेले होते.

"मग... कोणी भरवलं?"

पोरीनं त्यांच्याकडे असं बघितलं, जसं काही त्यांनी फारच सोपं गणित विचारलं.

"आईनं."

गुरुजींनी भगवानला हाक मारली. "मी आत होतो गुरुजी," भगवान म्हणाला. खेमचंद मात्र गल्ल्यामागे उभा होता. त्याचा चेहरा उतरला होता.

"मी इकडूनच बघत होतो मास्तर. बच्ची अकेली होती. पण..."

"पण काय?"

"तोंड उघडत होती. मग मिटत होती. कोणी घास देतो ना... तसं."

गुरुजींनी घरी काही सांगितलं नाही. पोरीनं स्वतःच खाल्लं असेल, हात पुसले असतील, असं मनाला समजावलं. वर्गात ते पोरांना सांगायचे, ज्याचं कारण कळत नाही त्याला भूत म्हणायचं नाही, कारण शोधायचं. ते कारण शोधत राहिले. तळव्यावरच्या त्या नक्षीपाशी येऊन दर वेळी अडत राहिले.

घरी मैत्रेयीनं पुन्हा ताटाला हात लावला नाही. फक्त आजीला आणि बाबांना सांगितलं, "तिथं आईनं भरवलं," आणि विचारलं, "परत कधी जायचं?"

पुढच्या रविवारी गयाबाई बरोबर आल्या. राजेंद्रलाही सुट्टी होती. पण तो दारापर्यंत आला आणि थांबला.

"तुम्ही जा बाबा. मी इथंच उभा राहतो."

"अरे, ये की."

"नको." त्यानं रस्त्याकडे तोंड केलं. "आत गेलो, आणि ती मलाच दिसली नाही तर?"

गुरुजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि आत गेले.

तेच टेबल. आजी-आजोबा समोर. मैत्रेयीच्या शेजारची खुर्ची रिकामी. तिला कुणी हात लावला नाही. भगवाननं ताट ठेवलं आणि तो मागच्या मागे निघून गेला.

बराच वेळ काहीच झालं नाही. मासा निवत चालला.

मग मैत्रेयी म्हणाली, "तुम्ही बघू नका ना."

गयाबाईंनी डोळे मिटले. गुरुजींनी भिंतीवरच्या फोटोकडे नजर लावली. श्वास घ्यायचीही भीती वाटत होती...

टिक्.

टिक्...

आणि पोरीच्या चावण्याचा आवाज.

गुरुजींना त्या क्षणी आवाज ओळखू आला. काढलेला काटा बोटाला चिकटला की विशाखा बोट ताटाच्या कडेवर हलकंच टेकवायची. तो हा आवाज. लहानपणापासूनचा.

गयाबाईंच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्या रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून हळूच म्हणाल्या,

"विशा... तू जेवलीस का गं?"

उत्तर आलं नाही.

आवाज मात्र थोडा वेळ थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

त्यानंतर गयाबाईंना घरात करमेना. रविवारखेरीज मधल्या वारीही त्या पोरीला घेऊन कॅम्प चार गाठायच्या. येताना चेहरा असा, की माहेरपणाला आलेल्या लेकीला भेटून आल्यात. गुरुजी काही म्हणाले तर म्हणायच्या, "पोट भरतंय ना पोरीचं?"

पोट भरत होतं. पण फक्त तिथं.

घरी आता दूधही बंद झालं. बिस्कीटही. मैत्रेयी खिडकीत बसून राहायची. शाळेत जायला नको, खेळायला नको. ज्या दिवशी जायचं नसेल त्या दिवशी पाणीसुद्धा मागून प्यायची नाही. आधी निदान आजीच्या कुशीत झोपायची. आता भिंतीकडे सरकून झोपायची, आणि अंथरुणात आपल्या शेजारी जागा मोकळी ठेवायची.

मग एका दुपारी ताट संपलं, भगवाननं टेबल पुसलं, तरी ती उठेना.

"चल बाळा," गुरुजी म्हणाले.

"मी नाही येत. आईला घरी येता येत नाही." तिनं टेबलाचा पाय दोन्ही हातांनी घट्ट धरला. "मग मीच इथं राहते. आई 'हो' म्हणाली."

 गुरुजींनी गयाबाईंकडे बघितलं.

गयाबाई घाबरल्या नव्हत्या. त्या खुर्चीकडे बघत होत्या. म्हणाल्या, "राहू दे की थोडा वेळ."

त्या बोलण्याची गुरुजींना जास्त भीती वाटली.

घरी आल्यावर दोघांची जुंपली.

"ती आई आहे तिची. आई काय वाईट करणार?"

"वाईट करेल असं मी म्हणतच नाही गया. पण पोरगी जगतेय कुणाच्या हातावर? आईनं तिला धरून ठेवलंय, की पोरीनं आईला, ते मला कळत नाही. एवढं कळतं की दोघींपैकी एकीनं हात सोडायला पाहिजे. आणि जिवंत आहे तिला तरी माझं ऐकू येतं."

गयाबाई उठून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी गुरुजी एकटेच नातीला घेऊन निघाले.

या वेळी ते समोर बसले नाहीत. मैत्रेयीच्या खुर्चीमागे उभे राहिले. वाकून तिची दोन्ही मनगटं धरली आणि हळूच मांड्यांखालून वर घेतली.

"आज आपण शिकायचं."

"नको. आई काढते."

"आईला कोणी शिकवलं, माहीत आहे? मी. याच टेबलावर. तुझ्याएवढीच होती. पहिल्या दिवशी रडली, सगळा मासा चिवडून टाकला. चल, हे बोट इथं ठेव. डोळ्यांनी नाही. बोटानं बघ. टोचतंय काही?"

मैत्रेयी रडायला लागली. गुरुजी थांबले. रडून होईपर्यंत थांबले. शाळेत कित्येक पोरांची रडी त्यांनी अशी उभ्यानं ऐकली होती. मग पुन्हा बोट ठेवलं.

"टोचतंय?"

"...हो."

"धर. ओढ. हळू... मोडला? मोडू दे. दुसरा."

आणि तेवढ्यात...

टिक्.

ताटाच्या पलीकडच्या कडेला. रिकाम्या खुर्चीच्या बाजूला.

टिक्. टिक्. टिक्.

या वेळी त्यांनी नजर वळवली नाही. समोर ताटाकडेच बघत होते. काटे निघताना दिसत नव्हते. पण दर वेळी पापणी लवली की ओळीत एक काटा वाढलेला असायचा. भराभर. कुणीतरी घाईनं हात चालवत असल्यासारखं.

मैत्रेयीची बोटं सैल पडली. "आई काढते आहे ना. मला कशाला?" तिनं तोंड उघडलं. घासाची वाट बघत.

गुरुजींनी रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. जन्मात पहिल्यांदा ते अशा कुणाशी तरी बोलले, जे तिथं नाही असं त्यांनी हजार पोरांना शिकवलं होतं. आवाज चढवला नाही. लहानपणी लेकीला अभ्यासाला बसवून सांगायचे त्याच आवाजात म्हणाले,

"विशाखा. हात आवर. तिला करू दे."

आवाज थांबला.

गल्ल्यावरचा खेमचंद उभा राहिला होता. भगवान पाण्याचा जग हातात धरून तसाच खिळला होता. 

मैत्रेयीनं उघडलेलं तोंड हळूहळू मिटलं. बराच वेळ ती ताटाकडे बघत राहिली. मग तिनं आपण होऊन बोट माशावर ठेवलं.

एक काटा निघाला. मग एक. काही मोडले, काही माशासकट निघाले. मासा थंडगार झाला. गुरुजींच्या पायाला मुंग्या आल्या. पण ते जागचे हलले नाहीत, आणि पुन्हा तिच्या हाताला हात लावला नाही. तिनं ओळ लावली. वेडीवाकडी, पण ओळ. मग बोटाएवढा घास उचलून तोंडाशी नेला...

आणि थांबली.

"आजोबा. फट आहे."

"कुठं?"

"ही बघा." तिनं घास परत ताटात ठेवला. बोटांनी चाचपला. त्यातून एक बारीक काटा ओढून काढला आणि फटीत नेऊन ठेवला.

मग घास तोंडात घातला. चावला. गिळला.

दुसरा घेतला.

तिसऱ्या घासाला तिनं मान वळवून शेजारच्या खुर्चीकडे बघितलं. लहान मुलं वर्गाच्या दारातून निघून जाणाऱ्या आईकडे बघतात, तसं.

"आजोबा..."

"काय बाळा?"

"आई उठली."

एवढंच म्हणाली आणि पुन्हा माशाकडे वळली. रडली नाही. गुरुजी मात्र मागच्या बोळात गेले आणि नळ पूर्ण सोडून खूप वेळ उभे राहिले.

त्या संध्याकाळी मैत्रेयीनं घरी वरणभात खाल्ला. स्वतःच्या हातानं. दिवाळीपर्यंत तिच्या गालांवर मांस आलं, शाळा सुरू झाली, आजीच्या कुशीतली झोपही परत आली. डॉक्टर म्हणाले, मुलं सावरतात. राजेंद्रनं गुरुजींचे पाय धरले.

गयाबाई एकदा एकट्याच रोहडी लंच होममध्ये जाऊन आल्या. त्या खुर्चीसमोर डोळे मिटून दुपारभर बसल्या. ताट तसंच राहिलं. घरी आल्यावर चप्पल काढता काढता म्हणाल्या,

"एकदा गेली ते नशीब. दुसऱ्यांदा तुम्ही घालवलीत."

पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. गुरुजींशी बोलणं चालू होतं, वाढणं चालू होतं. पण पूर्वी ताट वाढून त्या समोर बसायच्या. आता वाढून आत जायच्या.

पुढच्या वर्षी एका दुपारी पेन्शनच्या कामानं गुरुजी कॅम्प चारला गेले आणि पाय आपोआप बराकीकडे वळले. तेच टेबल. ते नेहमीसारखे समोरच्या बाजूला बसले. पल्ला मागवला. मनात सगळं तेच ते चाललं होतं. आपण केलं ते बरोबर का, दुसरं काही करता आलं असतं का. कधी जेवायला लागले आणि कधी ताट संपलं, त्यांना कळलंच नाही.

भगवान ताट उचलायला आला आणि थबकला.

"गुरुजी, काटे कुठं टाकले?"

"अं?"

"काटे हो. चावून खाल्ले की काय? दात शाबूत दिसतात अजून." तो हसत हसत टेबलाखाली वाकला. उठला तेव्हा हसत नव्हता.

ताटाच्या कडेला एकही काटा नव्हता. टेबलावर नव्हता. खाली नव्हता. गुरुजींनी आठवून पाहिलं. एकाही घासाला काही टोचलं नव्हतं. आपण बोटांनी काही काढलं, असंही आठवेना. अख्खा पल्ला, आणि त्यात काटा नाही. असं होत नाही.

त्यांनी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. कान देऊन बसले. बाहेर रिक्षांचे आवाज. आत काही नाही.

हे त्यांनी घरी सांगितलं नाही. गयाबाईंना कळलं तर त्या उद्याच पोरीचा हात धरून तिकडे निघतील, ही भीती. फक्त मला सांगितलं, आमच्या गच्चीत बसून, दिवस मावळताना.

मी आपलं चार माणसं म्हणतात तसं म्हणालो, "अहो, वाईट कशाला वाटून घेता? बापावर माया आहे पोरीची. आनंद माना."



"आनंद कसा मानू?" गुरुजी म्हणाले. "ती उठून गेली, असं मी धरून चाललो होतो. मी घालवली असेन, पण सुटली तर असेल. आणि ती गेलीच नसेल तर..."

त्यांनी तळहात पालथे करून गुडघ्यांवर ठेवले.

"तर मी माझ्या पोरीला तिथं एकटीला बसवून आलो."